जागतिक ब्रेन ट्यूमर दिनाला अधिकृत मान्यता : ठाणे-नवी मुंबईकर नेहमी विचारतात ते प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, खारघर इथल्या रुग्णांच्या घरच्यांनी मिळून ८ जून या जागतिक ब्रेन ट्यूमर दिनाला अधिकृत मान्यता मिळावी म्हणून सह्या गोळा करायला सुरुवात केली आहे. तलावपाळीवर, सोसायटीच्या गेटवर, वाशी स्टेशनबाहेर लोक थांबतात, कागद वाचतात आणि मग प्रश्न विचारतात. प्रश्न बहुतेक रास्तच असतात. उभ्या उभ्या दोन वाक्यांत त्यांचं समाधान होत नाही, म्हणून उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत.

तुमची मागणी नेमकी काय आहे?

८ जून हा जागतिक ब्रेन ट्यूमर दिन. ठाणे, नवी मुंबई आणि पनवेल या तिन्ही महापालिकांनी आणि ठाणे जिल्हा परिषदेने तो आपापल्या आरोग्य विभागाच्या वार्षिक कार्यक्रमात लेखी आदेशाने घ्यावा. पुढे राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने त्याचा शासन निर्णय काढावा. सुट्टी नको, सोहळा नको.

मात्र त्या आदेशात तीन कामं स्पष्ट लिहिलेली हवीत. आशा सेविका, परिचारिका आणि दवाखान्यातले डॉक्टर यांना मेंदूच्या गाठीची सुरुवातीची लक्षणं ओळखण्याचं प्रशिक्षण दरवर्षी मिळावं. संशय आला तर रुग्णाला सीटी स्कॅन किंवा एमआरआयसाठी कुठे पाठवायचं, हे प्रत्येक आरोग्य केंद्राला ठरवून द्यावं. आणि निदान झालेल्या घराच्या हातात योजना, कागदपत्रं, राहण्याची सोय यांची माहिती देणारं मराठी पत्रक पडावं. ही कामं होणार नसतील तर मान्यतेचा कागद मिळूनही आम्हाला त्याचा उपयोग नाही.

यात पनवेल कुठून आलं? खारघर तर नवी मुंबईतच आहे.

बोलताना आहे, कारभारात नाही. टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे संशोधन केंद्र आणि रुग्णालय खारघरला आहे, आणि खारघर २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत, रायगड जिल्ह्यात येतं. नवी मुंबई महापालिकेच्या बेलापूरच्या मुख्यालयातून निघालेला आदेश खारघरच्या आरोग्य केंद्राला लागू होत नाही. म्हणून पनवेलला वेगळा अर्ज.

तारीख ८ जूनच का?

जर्मनीतल्या लाइपझिग शहरातली ‘डॉइश हिर्नट्यूमरहिल्फे’ ही मेंदूच्या गाठींच्या रुग्णांसाठी काम करणारी संस्था आहे. तिने २००० साली हा दिवस सुरू केला आणि हळूहळू तो अनेक देशांत पोचला. आपल्याकडेही न्यूरोसर्जरी विभाग असलेली बरीच रुग्णालयं त्या दिवशी व्याख्यानं, रुग्णांचे मेळावे घेतात. म्हणजे तारीख आधीपासून रुळलेली आहे.

इतर तारखाही आहेत. अमेरिकेत मे महिना, ब्रिटनमध्ये मार्च हा ब्रेन ट्यूमर जागरूकता महिना असतो. कॅनडात २४ ऑक्टोबरला ब्रेन कॅन्सर जागरूकता दिन पाळतात. २२ जुलैला जागतिक मेंदू दिन असतो. तो न्यूरॉलॉजिस्ट मंडळींच्या जागतिक महासंघाने २०१४ पासून सुरू केला, पण त्यात पक्षाघात, फिट्स, मायग्रेन असं सगळंच येतं.

आपल्याकडे ८ जूनची एक खरी अडचण आहे आणि ती महापालिकेतल्या एका अधिकाऱ्यांनीच आमच्या लक्षात आणून दिली. ५ जूनला पर्यावरण दिन, ६ जूनला शिवराज्याभिषेक दिन, त्यात नालेसफाई आणि पावसाळापूर्व कामांची धावपळ. पाऊस उंबरठ्यावर असताना आरोग्य विभागही लेप्टो, डेंग्यू, मलेरियाच्या तयारीत गुंतलेला. शाळा तर जूनच्या मध्याला उघडतात. म्हणून अर्जात आम्ही असं सुचवलं आहे : प्रशिक्षण मे महिन्यात उरकावं, ८ जूनला प्रत्येक आरोग्य केंद्रात माहितीफलक आणि पत्रकं लावावीत आणि शाळा-कॉलेजांतले कार्यक्रम जूनच्या शेवटच्या आठवड्यात घ्यावेत. तारीख बदलण्यापेक्षा हे सोपं आहे.

हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेला आहे का?

नाही. संयुक्त राष्ट्रांचा दिवस ठरायला महासभेत ठराव मंजूर व्हावा लागतो. आपल्याला जवळचं उदाहरण योग दिनाचं. सप्टेंबर २०१४ मध्ये पंतप्रधानांनी महासभेत प्रस्ताव मांडला, १७७ देश सहप्रस्तावक झाले आणि ११ डिसेंबर २०१४ ला ठराव संमत झाला. त्यामागे एका देशाच्या सरकारने लावलेला जोर होता. मधुमेहाचंही तसंच : १४ नोव्हेंबरला आधीपासून दिन पाळला जायचा, पण संयुक्त राष्ट्रांचा ठराव झाला डिसेंबर २००६ मध्ये. रुग्णसंघटनांनी सुरू केलेला दिवस पुढे सरकारांनी उचलून धरला, हा क्रम लक्षात घ्यावा. ८ जून अजून पहिल्या टप्प्यावर आहे. आपल्या महापालिका तो उचलू शकतात. त्यासाठी न्यूयॉर्कची वाट बघायची गरज नाही.

दुसऱ्या कुठल्या देशाने असा दिवस अधिकृत केला आहे का?

सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण अमेरिकेचं. ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूच्या कॅन्सरचा सर्वांत आक्रमक प्रकार. सिनेटर टेड केनेडी २००९ मध्ये आणि सिनेटर जॉन मॅककेन २०१८ मध्ये, दोघेही याच आजाराने गेले. २०१९ मध्ये सिनेटने १७ जुलै हा ग्लायोब्लास्टोमा जागरूकता दिन ठरवणारा ठराव संमत केला. त्यानंतरही जुलैतल्या एका बुधवारी हा दिवस पाळला जातो.

मात्र सिनेटचा असा ठराव म्हणजे कायदा नव्हे. त्याने एक रुपयाचा, म्हणजे एका डॉलरचाही निधी आपोआप मिळत नाही, आणि तो एकेका वर्षाच्या तारखेपुरता असतो. तरीही तिथल्या संघटना दर वर्षी त्यामागे लागतात. ठरावाच्या निमित्ताने खासदारांची गाठ पडते, रुग्ण त्यांच्यासमोर बसतात आणि संशोधनाच्या निधीची मागणी त्याच बैठकीत पुढे सरकवता येते. दिवसाचा खरा उपयोग हा आहे, आणि आपणही तो तसाच करून घ्यायला हवा.

कर्करोगाचे दिवस आधीच आहेत. ४ फेब्रुवारी आहे, ७ नोव्हेंबर आहे. आणखी एक कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि आमची सगळी मागणीच याच्या उत्तरावर उभी आहे.

७ नोव्हेंबर हा मेरी क्युरी यांचा जन्मदिवस. केंद्रीय आरोग्यमंत्री असताना डॉ. हर्ष वर्धन यांनी २०१४ मध्ये तो राष्ट्रीय कर्करोग जागरूकता दिन म्हणून जाहीर केला. ४ फेब्रुवारीचा जागतिक कर्करोग दिन २००० सालच्या कर्करोगाविरुद्धच्या पॅरिस सनदेतून आला. दोन्ही दिवस महत्त्वाचे आहेत. पण त्या दिवशी आपल्या आरोग्य केंद्रात काय सांगितलं जातं ते आठवा. तंबाखू, गुटखा, मिश्री सोडा. तोंडाची तपासणी करून घ्या. बायकांनी स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. सरकारचा तपासणी कार्यक्रमही या तीन कॅन्सरसाठीच आहे, आणि तो तसाच असायला हवा. आपल्याकडे हेच कॅन्सर खूप आहेत आणि लवकर सापडले तर माणूस वाचतो.

मेंदूच्या गाठीला यातलं काहीच लागू पडत नाही. बहुतेकांच्या बाबतीत ती कशामुळे झाली ते सांगता येत नाही, त्यामुळे ‘हे सोडा म्हणजे होणार नाही’ असं काही सांगण्यासारखं नाही. लक्षणं नसलेल्या माणसाची तपासणी करून ती आधी पकडण्याची पद्धतही नाही. हातात राहतं ते एकच : पहिलं लक्षण दिसल्यावर ते कुणीतरी ओळखणं आणि रुग्णाला वेळ न दवडता स्कॅनसाठी पाठवणं. ते ओळखणारी माणसं म्हणजे घरचे लोक, नाक्यावरचे फॅमिली डॉक्टर, चष्म्याचा नंबर काढणारे, आशाताई. त्यांच्यापर्यंत पोचायला सर्वसाधारण कर्करोग दिन पुरत नाही, कारण त्या दिवसाचा निरोपच वेगळा असतो. आणि पालिकेच्या दवाखान्यापर्यंत निरोप पोचतो तो परिपत्रकाने. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशाने पोचत नाही.

मग ती लक्षणं कोणती?

गाठ मेंदूच्या कुठल्या भागात आहे त्यावर लक्षण ठरतं, म्हणून प्रत्येक रुग्णाची कहाणी वेगळी असते. तरी काही गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकू येतात.

आयुष्यात कधी फिट न आलेल्या मोठ्या माणसाला अचानक फिट येणं. डोकेदुखी जी नेहमीसारखी वाटत नाही, दिवसेंदिवस वाढते, पहाटे किंवा सकाळी उठल्यावर जास्त असते आणि सोबत उलटी होते. बऱ्याचदा पित्त समजून त्यावर महिनोन्‌महिने गोळ्या चालतात. एका बाजूचा हात किंवा पाय हळूहळू कमजोर होणं. शब्द न आठवणं, वाक्य अर्धवट तुटणं. दोन-दोन दिसणं, किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं. एका कानाने ऐकू कमी येत जाणं. स्वभाव बदलणं : शांत माणूस चिडचिडा होतो, हिशेबी माणसाला हिशेब जमेनासे होतात, आणि घरच्यांना वाटतं वय झालं, टेन्शन आलं असेल.

एक उदाहरण लिहितो, नाव-गाव न सांगता. कळव्याच्या एका बाईंची डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायची. विशेष म्हणजे ती निसटली हे त्यांना कळायचंच नाही. ठाणे स्टेशनच्या पुलावर मागून येणाऱ्या माणसाने हाक मारून चप्पल दाखवली, तेव्हा त्यांनी खाली बघितलं. घरी नवीन चपला आणल्या, मागे पट्टा असलेल्या. मग पट्टा असूनही पाय घासायला लागला. एका दवाखान्यात कमरेतली शीर दबली असेल असं सांगून मालिश आणि शेक सुचवला गेला. त्यांचा एमआरआय झाला तो फिट आल्यानंतर. पायातून चप्पल निसटणं आणि ते न कळणं ही गोष्ट चांगला डॉक्टर आवर्जून विचारतो. ती प्रत्येक आशाताईलाही माहीत असावी, यासाठी आम्हाला तो प्रशिक्षणाचा आदेश हवा आहे.

लहान मुलांत रक्ताच्या कॅन्सरखालोखाल मेंदूच्या गाठीच जास्त आढळतात. मूल सकाळी उलटी करतं, मान वाकडी धरतं, चालताना तोल जातो, डोळा तिरळा व्हायला लागतो, तान्ह्या बाळाचं डोकं वाजवीपेक्षा भराभर वाढतं. यातलं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन स्पष्ट विचारावं.

आता दुसरी बाजू. डोकं दुखणाऱ्या हजार माणसांपैकी जवळजवळ सगळ्यांना गाठ नसते. एकटी डोकेदुखी, तीही जुनी, नेहमीच्या तऱ्हेची, याचं कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं. नवीन लक्षण, वाढत जाणारं लक्षण आणि दोन-तीन लक्षणं एकत्र, हे पाहिलं की डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

फिट आली तर त्या क्षणी काय करायचं?

माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, आजूबाजूची टोकदार वस्तू सरकवा, गळ्याजवळचं बटण सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून फिट थांबत नाही. तोवर ती बहुतेक वेळा आपली आपण थांबलेली असते, म्हणून तो समज टिकून आहे. घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, लागोपाठ दुसरी आली, किंवा आयुष्यातली पहिलीच असेल तर १०८ ला फोन करा.

शक्य असेल तर कुणीतरी मोबाइलवर काही सेकंदांचा व्हिडिओ घ्यावा. विचित्र वाटेल, पण डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.

मेंदूत गाठ म्हणजे कॅन्सरच ना?

नाही. मेंदूच्या गाठींचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. मेनिंजिओमासारख्या मेंदूच्या आवरणातून येणाऱ्या गाठी बहुतेक वेळा साध्या असतात, सावकाश वाढतात, शस्त्रक्रियेने निघूही शकतात. काही गाठी फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर मेंदूत पसरल्यामुळे होतात. मेंदूतच उगम पावणाऱ्या कॅन्सरमध्ये ग्लायोब्लास्टोमा सर्वांत कठीण. मात्र कवटीच्या आत जागाच मर्यादित असल्यामुळे साधी गाठही दाब वाढवून जिवावर बेतू शकते. म्हणून मागणीच्या कागदावर आम्ही ‘ब्रेन ट्यूमर’ असंच लिहिलं आहे, म्हणजे साधी गाठ असलेले रुग्ण त्यातून बाहेर पडत नाहीत.

आपल्या देशात आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. स्कॅनमध्ये दिसलेला डाग टीबीचा किंवा फीतकृमीच्या अळीचाही असू शकतो, आणि त्या दोन्हींनी फिट येते. दोन्हींवर औषधं आहेत. ‘मेंदूत काहीतरी दिसतंय’ एवढ्यावरून घरात रडारड सुरू होते, तिथे थांबावं. पूर्ण तपासणी होऊ द्यावी. गाठीचा संशय असेल तर नक्की काय ते तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच कळतं.

मोबाइलमुळे होतो म्हणतात. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर टॉवर आहे, तो मुद्दा घ्या ना.

हा मुद्दा आम्ही घेणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये मोबाइलसारख्या उपकरणांच्या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं होतं, म्हणजे पुरावा अपुरा आहे पण शंका पूर्ण काढून टाकता येत नाही. त्यानंतर बरंच संशोधन झालं. जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात मोबाइल वापरणं आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही. पक्कं माहीत असलेलं कारण म्हणजे डोक्याला पूर्वी मोठ्या प्रमाणात मिळालेलं रेडिएशन, आणि थोड्या घराण्यांत चालत आलेले जनुकीय दोष. टॉवरच्या भाड्याचा किंवा परवानगीचा वाद असेल तर तो सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मांडावा. आमच्या अर्जात तो घातला तर अधिकारी त्याच कारणाने अर्ज बाजूला ठेवतील, आणि तेव्हा चूक त्यांची नसेल.

त्या दिवशी मोफत एमआरआय शिबिर घेता येईल का? एक मोठे व्यापारी खर्च द्यायला तयार आहेत.

त्यांची भावना मोठी आहे, पण कृपया असं शिबिर घेऊ नका. ज्यांना काही लक्षण नाही अशा लोकांचा सरसकट एमआरआय काढला तर भलत्याच निरुपद्रवी गोष्टी सापडतात. लहानशी पुटी, जुना व्रण, कधीही त्रास न देणारी बारीक गाठ. मग त्या माणसाची झोप उडते, पुढच्या तपासण्यांचा खर्च सुरू होतो आणि कधी कधी गरज नसताना शस्त्रक्रियेपर्यंत विषय जातो. तोच पैसा लक्षणं असलेल्या पण एमआरआयचा खर्च न झेपणाऱ्या रुग्णांसाठी वर्षभर पुरवून वापरावा. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरून ठाण्याला येऊन परत जाण्याचं भाडं दिलं तरी ती मोठी मदत ठरेल.

दिवस वगैरे राहू दे, उपचारांची सोय मागा ना!

हे ऐकताना वाईट वाटत नाही, कारण हे म्हणणारा बहुतेक वेळा स्वतः त्यातून गेलेला असतो. पण या दोन मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत. उपचारांच्या बाबतीत तर आपला भाग देशात नशीबवान म्हणावा असा आहे. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून आहे. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये प्रोटॉन उपचारांचं केंद्र आहे, ते ११ मे २०२३ ला राष्ट्राला अर्पण झालं. प्रोटॉन किरण ठरावीक खोलीवर आपली बहुतेक शक्ती सोडतात, त्यामुळे पलीकडच्या निरोगी भागाला कमी धक्का बसतो. लहान मुलांच्या मेंदूच्या काही गाठींमध्ये हे फार मोलाचं असतं. प्रत्येक रुग्णाला प्रोटॉन लागतंच असं मात्र नाही.

अडतं ते रुग्णाने तिथपर्यंत वेळेत पोचण्यावर. ग्लायोब्लास्टोमावरची आजची रूढ पद्धत म्हणजे जमेल तितकी गाठ शस्त्रक्रियेने काढणं, मग सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड या कॅन्सरवरच्या औषधाच्या गोळ्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या मोठ्या चाचणीवरून ही पद्धत ठरली, तिच्यात निम्मे रुग्ण १४.६ महिन्यांहून जास्त जगले. नुसतं रेडिएशन मिळालेल्यांत हाच आकडा १२.१ महिने होता. हा आकडा गटाचा आहे, तुमच्या माणसाचा नाही. काही रुग्ण त्याहून पुष्कळ जास्त जगतात आणि गाठीचे जनुकीय गुणधर्म त्यात फरक पाडतात. पण इतक्या मोजक्या काळातले तीन-चार महिने ‘पित्त आहे’, ‘शीर दबली आहे’ यात गेले, तर केवढं गेलं याचा विचार करा.

आणि ते सहा आठवडे कसे जातात तेही बघा. दिव्याहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने खारघर, स्टेशनवरून रिक्षा, आणि तोच प्रवास उलटा, महिना-दीड महिना. कॅन्सरच्या रुग्णाला लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं. पण मेंदूचा रुग्ण वरवर धडधाकट दिसतो. टोपीखालची टाक्यांची रेघ कुणाला दिसत नाही, आणि लोक त्याला उतरायला सांगतात. रुग्णालयाचं पत्र खिशात ठेवा. जागरूकता ही त्या डब्यातल्या माणसांनाही हवी.

पैशांची मदत कुठून मिळू शकते?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. रुग्णालय योजनेच्या यादीत आहे का आणि तुमचा उपचार त्यात बसतो का, हे दाखल होण्याआधीच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा. रेशन कार्ड आणि आधारवरची नावं जुळत नसतील तर ते आधी दुरुस्त करून घ्या. बऱ्याच मंजुऱ्या याच एका कारणाने अडतात.

धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे कुणी आपणहून सांगत नाही. तिथल्या समाजसेवकांना भेटून मागावं लागतं आणि उत्पन्नाचा दाखला जवळ असावा लागतो. मुख्यमंत्री सहायता निधीसाठीही अर्ज करता येतो. बाहेरगावच्या रुग्णांसाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अनेक वर्षं आधार देते आहे. उपचार घेणाऱ्या लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड या संस्थेची राहण्याची केंद्रं आहेत, खारघरलाही आहे.

मान्यता मिळवायची पद्धत काय? कुणाला भेटायचं?

महापालिकेच्या पातळीवर अर्ज आयुक्तांच्या नावे करायचा आणि एक प्रत वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांना द्यायची. आयुक्त आरोग्य विभागाला परिपत्रक काढायला सांगू शकतात. नगरसेवकाने विषय महासभेत मांडून ठराव झाला तर जास्त पक्कं, कारण अधिकारी बदलले तरी ठराव राहतो. ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना वेगळा अर्ज.

राज्याच्या पातळीवर आमदारांची मदत लागते. ते अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारू शकतात, लक्षवेधी सूचना देऊ शकतात किंवा अशासकीय ठराव मांडू शकतात. सरकारला पटलं तर विभाग शासन निर्णय काढतो. असा पायंडा आपल्याकडे आहे : १५ ऑक्टोबर, डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो आणि शाळाशाळांत त्या दिवशी खरोखर पुस्तकं बाहेर निघतात.

अर्ज द्यायला जाताना दोन प्रती न्या. आवक-जावक खिडकीवर एक प्रत ठेवून घेतात आणि दुसरीवर शिक्का मारून देतात. त्या शिक्क्यात तारीख आणि आवक क्रमांक असतो. शाई वाळलेली असेल तर क्रमांक पुसट उमटतो. अशा वेळी खिडकीवरून हलण्याआधी तो पेनाने लिहून, सही घेऊन मगच निघा. पुढे फाइल कुठे आहे हे विचारायला तोच क्रमांक लागतो. दोन-तीन महिन्यांत काही कळलं नाही तर माहितीच्या अधिकारात त्या क्रमांकावर काय कार्यवाही झाली ते विचारता येतं. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.

मुख्यालयाची इमारत करड्या रंगात उजळवायची कल्पना कशी वाटते?

चांगली आहे. मेंदूतल्या करड्या भागावरून करडी रिबन हे या आजाराचं चिन्ह झालं आहे आणि बेलापूरची ती मोठी इमारत राष्ट्रीय सणांना तिरंगी होतेच. फक्त करडा प्रकाश पडत नाही, पांढरा पडतो. फलक सोबत लागेल. आणि रोषणाई झाली म्हणून प्रशिक्षण राहिलं असं होऊ नये.

रुग्णाने व्यासपीठावर येऊन बोलावं का?

त्याला वाटलं तरच. काही रुग्णांना शब्द सापडत नाहीत, काहींना गर्दी आणि आवाज सोसत नाही, काहींना सगळ्यांसमोर रडू येईल याची धास्ती असते. त्यांना उभं करून टाळ्या मिळवणं आम्हाला मंजूर नाही. घरच्यांनी बोललं तरी चालेल, लिहून दिलेलं कुणी वाचून दाखवलं तरी चालेल. बोलायची इच्छा असलेल्याला मात्र पुरेसा वेळ द्या. वाक्य पूर्ण व्हायला लागतो तितका.

मी सही केली तर आमच्या घरात कॅन्सर आहे हे सगळ्यांना कळेल का?

नाही. सहीच्या कागदावर फक्त नाव, भाग आणि सही आहे. रुग्ण कोण, आजार कोणता, असा रकानाच नाही. मुलीच्या लग्नाचं बघताहेत, नोकरीवर कळू द्यायचं नाही, अशी कारणं लोक हळू आवाजात सांगतात आणि ती आम्ही समजून घेतो. सही करणाऱ्यांत ज्यांच्या घरात हा आजार नाही असेही पुष्कळ आहेत.

आमच्या वॉर्डातून स्वतंत्र अर्ज द्यायचा आहे. मजकूर कसा असावा?

एका पानात बसवा. खालचा मजकूर जसाच्या तसा वापरला तरी हरकत नाही :

‘महोदय, ८ जून हा दिवस अनेक देशांत जागतिक ब्रेन ट्यूमर दिन म्हणून पाळला जातो. मेंदूच्या गाठींसाठी लक्षणांआधी तपासणीची सोय नसल्याने लक्षणं वेळेवर ओळखणं हाच उपाय आहे. तरी आपल्या कार्यक्षेत्रातील सर्व रुग्णालये, नागरी आरोग्य केंद्रे व दवाखाने यांच्या वार्षिक कार्यक्रमात या दिवसाचा समावेश करावा. मे महिन्यात आशा सेविका, परिचारिका व वैद्यकीय अधिकारी यांचे प्रशिक्षण घ्यावे. संशयित रुग्णास सीटी किंवा एमआरआयसाठी कोठे पाठवावे हे प्रत्येक केंद्रास लेखी कळवावे. आणि रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी मराठी माहितीपत्रक उपलब्ध करावे, ही विनंती. केलेल्या कार्यवाहीची माहिती आम्हांस लेखी मिळावी.’

शेवटचं वाक्य गाळू नका. खाली सह्या, वॉर्डाचं नाव आणि पत्रव्यवहारासाठी एकाच माणसाचा पत्ता द्या, म्हणजे उत्तर आलं की ते कुणाकडे आलं हे शोधत बसावं लागत नाही.